बाहेरचा खडा

झाशीच्या जुन्या मराठी घरांना एक दुखणं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ते कुठल्या डॉक्टरला दाखवता येत नाही. महाराष्ट्रानं आपली कधी चौकशी केली नाही, हे ते दुखणं. राणीची केली, किल्ल्याची केली, सहलीच्या बसगाड्या भरभरून आल्या आणि फोटो काढून गेल्या. पण सुभेदारांबरोबर पोथ्या-पंचांगं घेऊन जी घरं इकडे आली आणि इकडचीच होऊन गेली, ती सणाला काय करतात, जेवतात काय, हे विचारायला कुणी आलं नाही.

रघुनाथ पुराणिकांना हे दुखणं जरा जास्तच होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गणेश मंडळाचं सेक्रेटरीपद हौसेनं अंगावर घेतलं, आणि तिथं त्यांची गाठ पडली सरकारी कंपनीत बदलून आलेल्या इंजिनियर मंडळींशी. ही मंडळी पुण्या-नागपूरची. काही वर्षं राहायची, आणि राहतील तोवर ह्यांच्या मराठीला हसायची. रघुनाथराव ‘मी नहाऊन येतो’ म्हणाले, की क्वार्टरमधल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. रघुनाथरावांना ते दिसायचं. ते तिथं गप्प बसायचे आणि घरी येऊन मुलीवर चिडायचे. बायको, जानकी, वारल्यापासून चिडायला घरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

तर अशा माणसाला मुलीनं एक दिवस सांगितलं, की बाबा, आपल्या घरच्या गौरींवर पुण्यात लेख छापून आलेला आहे, फार पूर्वी. म्हातारा खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला. मग आतल्या खोलीत जाऊन जानकीच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि मुलीच्या गळ्यात फास पडला. पण तो फास आहे, हे तिला कळायला वेळ लागला.

ही मुलगी म्हणजे प्रांजली. गावातल्या एका कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवायची, हंगामी. दर वर्षी जुलै आला की पुन्हा घेतील की नाही ह्याचा घोर. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, म्हणून ती झाशीतल्या महाराष्ट्रीय घरांच्या रीतिरिवाजांवर हिंदीत प्रबंध लिहीत होती. मराठी तिला कळायची सगळी. बोलताना अडखळायची, आणि जुनं छापील मराठी वाचायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

प्रबंधातलं तिचं सगळ्यात लाडकं प्रकरण गौरींचं. पुराणिकांकडे गौरी खड्यांच्या. लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्यावर, जाऊन सात खडे उचलायचे आणि ते घरी येईस्तोवर आणणारीनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ही झाली सगळीकडची रीत. पण पुराणिकांकडे पुढं एक वेगळंच होतं. सहा खडे आत जाऊन गणपतीशेजारी बसायचे आणि सातवा दारातच राहायचा. उंबऱ्याबाहेर हळदीच्या पानावर त्याला ठेवायचं आणि भाजी-भाकरीचं पहिलं ताट त्याच्यापुढं जायचं. तोवर घरात कुणी घास घ्यायचा नाही.

जानकी सांगायची, “इतक्या लांब दिलेल्या लेकी गं. कोकणात माहेर आणि झाशीला सासर. गौरीला निघाल्या असतील, पोचल्या नसतील. जी अजून वाटेत आहे, तिनं टेकायचं कुठं? आपल्या उंबऱ्यावर. मग ती उपाशी आणि आपण आधी जेवायचं, हे बरं दिसतं का?” दर वर्षी हेच सांगायची, ह्याच शब्दांत, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच ठेवायची.

प्रांजलीनं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली टीप दिली, ‘शोधकर्त्री की माता से प्राप्त’. तिच्या गाईड सरांनी त्या ओळीवर लाल पेननं आडवी रेघ मारली. सर माणूस वाईट नव्हते. नियमाचे होते.

“माताजी रेफरेंस नहीं होतीं, प्रांजली जी,” ते म्हणाले. “कोई छपा हुआ स्रोत लाइए. नहीं तो ये हिस्सा हटाइए.”

हटवणं तिच्या जिवावर आलं. तिनं लायब्ररी धुंडाळली. ग्वाल्हेरला जाऊन आली. काही मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी ते जुनं मराठी तिला वाचता आलं असतं की नाही, हा प्रश्नच होता. मग डिपार्टमेंटमधली सगळी पोरं जे करत होती, तेच तिनं केलं. कॉम्प्युटर उघडून एआयला विचारलं. नीट, सविस्तर विचारलं. पुराणिकांच्या गौरी, सातवा खडा, हळदीचं पान, ‘जो अभी रास्ते में है’ हे आईचं वाक्यसुद्धा लिहिलं, आणि ह्यावर मराठीत काही लेखन झालंय का, असा प्रश्न टाकला.

उत्तर क्षणात आलं. हो, झालंय. वा. शं. घैसास ह्यांचा लेख, ‘झाशीतील खड्यांच्या गौरी’. पुण्याचं ‘लोकाचार’ नावाचं त्रैमासिक. वर्ष, अंक, पानं, सगळं पद्धतशीर. आणि खाली हिंदीत सारांश, की सातवा खडा हा ‘जो अभी रास्ते में है’ त्या लेकीचं प्रतीक आहे.

प्रांजली रडली. खोटं कशाला सांगा, ओक्साबोक्शी रडली. आईचं वाक्य, तिच्याच शब्दांत, पुण्याच्या कुणा विद्वानानं लिहून ठेवलेलं होतं! त्या घैसासांना ते कुठं भेटलं असेल, कुणी सांगितलं असेल, आजीनं का? तपासून बघावं, हे तिच्या मनातच आलं नाही. ज्याची वाट बघत घरातली माणसं म्हातारी होऊन गेली, ते दारात आल्यावर त्याच्याकडे ओळखपत्र कोण मागतं? तिनं संदर्भ टाकला. सरांनी बघून मान डोलावली आणि प्रबंध पुढं गेला.

इकडे रघुनाथरावांनी गणपतीच्या स्मरणिकेत पानभर लेख लिहिला, ‘आमच्या गौरी आणि पुण्याचे विद्वान’. मंडळानं स्मरणिका इंटरनेटवर चढवली. रघुनाथरावांनी आरतीनंतर माइक हातात घेऊन तो लेख मोठ्यानं वाचला, आणि वाचताना क्वार्टरवाल्यांच्या रांगेकडे मुद्दाम बघितलं.

त्या रांगेत हृषीकेश होता. कंपनीतला इंजिनियर, खुद्द पुण्याचा, तरुण आणि मनानं निर्मळ. तो उठून पुढं आला आणि रघुनाथरावांच्या पाया पडला. “काका, मूळ लेख आहे का तुमच्याकडे? नाही? माझी बहीण पुण्यात ग्रंथपाल आहे. मी तिच्याकडून झेरॉक्स आणतो. हा तुमच्या देवघरात फ्रेम करून लावायला पाहिजे.”

प्रांजली टाळ्या वाजवत होती. सगळ्यात जोरात तीच वाजवत होती.

फास आवळला तो पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून सरांना कळवलं, की काम चांगलं आहे, फक्त घैसासांच्या लेखाची प्रत बघायला मिळावी. सरांनी निरोप दिला आणि प्रांजली निवांतपणे कॉम्प्युटरसमोर बसली. प्रत द्या म्हणाली. एआयनं क्षमा मागितली. हा लेख मला उपलब्ध करता येत नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा क्षमा, आणि ह्या वेळी जोडीला एक वाक्य, की हा लेख अस्तित्वात नसण्याची शक्यता आहे.

तिनं ‘लोकाचार’ शोधलं, त्या नावाचं त्रैमासिक कुठल्याच यादीत नव्हतं. घैसास शोधले. घैसास भरपूर निघाले, पण वा. शं. कुणी नाहीत. शेवटी तिनं दुसऱ्या एका एआयला विचारलं, की झाशीतल्या बाहेरच्या खड्याबद्दल कुठं काही छापलेलं आहे का. ह्या एआयनं मात्र खरी लिंक दिली. तिनं लगेच ती उघडली. समोर मंडळाची स्मरणिका होती, लेखक रघुनाथ पुराणिक, आणि लेखाचा आधार, ‘माझी कन्या प्रांजली हिचे संशोधन’.

मग तिनं मागचा, वर्षापूर्वीचा, आपलाच प्रश्न काढून वाचला. सातवा खडा, हळदीचं पान, ‘जो अभी रास्ते में है’. सगळं तिनंच सांगितलं होतं. विहिरीत तोंड घालून हाक मारावी आणि आतून कुणी ओ दिली म्हणून हरखून जावं, तसं झालं होतं तिचं. पुण्यात कुणी काही लिहिलेलं नव्हतं. कधीच नव्हतं.

ती सरांकडे गेली. सांगायचंच म्हणून गेली. “सर, वो लेख... शायद मिले नहीं.” एवढं म्हणेपर्यंत सरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, “मिलेगा कैसे नहीं? आपने पढ़कर ही तो लिखा है?” आणि मग, जरा हळू आवाजात, “देखिए, अब वापस लेने का मतलब है नए सिरे से शुरू करना. दिवाली बाद परमानेंट का इंटरव्यू है. आप समझ रही हैं न?” तिनं मान हलवली. समजत होतं तिला. गेली कितीतरी वर्षं ती तेवढ्या एका इंटरव्यूसाठी जगत होती.

राहता राहिले बाबा. संध्याकाळी चहा देताना तिनं तोंड उघडलं, तर बाबाच बोलले. “प्रांजल, आज बबीन्याचे करकरे, आपल्यातलेच, भेटले होते. म्हणाले, रघुनाथजी, तुम्ही तर आमची इज्जत बनवली पुण्यात. मी म्हटलं, मी कुठं, माझ्या बिटियानं.” आणि त्यांनी बशीतला चहा असा सुर्रकन ओढला, की आईच्या जाण्यानंतर तसा आवाज घरात झाला नव्हता. प्रांजली मूग गिळून बसली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरच्या सगळ्या दिवशी.

तिनं मनाशी एकच आशा धरली होती. हृषीकेशला पुण्यात लेख मिळणार नाही, परीक्षक कंटाळून दुसरं काही मागतील, बाबा म्हातारपणी विसरून जातील, आणि हे सगळं हळूहळू आपोआप विरून जाईल. अडकलेली माणसं असल्या आशेवर फार दिवस काढतात.

गणपती बसले त्याच दिवशी हृषीकेश दारात आला. सोबत बायको अनुया, आणि हातात मोठं पाकीट.

“काका, मिळाला!”

प्रांजली हातातलं निरांजन घेऊन तशीच उभी राहिली.

हृषीकेशनं उत्साहानं सगळं सांगितलं. बहिणीला लायब्ररीत काही सापडलं नाही. ती म्हणाली, अंक दुर्मीळ असेल. पण ह्यानं हार मानली नाही. नाव, लेखक, वर्ष, सगळं एआयमध्ये टाकलं आणि सांगितलं, की मला ह्या लेखाचा पूर्ण मजकूर दे. “आणि दिला त्यानं! अख्खा लेख, काका. मी छान कागदावर, जुन्या टाइपात छापून आणलाय. तुमच्यासाठी.” पोरगा इतका आनंदात होता, की त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तोही फसला होता, अगदी प्रांजली फसली तस्साच, चांगल्या मनानं.

रघुनाथरावांनी कागद डोळ्यांना लावले. चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान वाचताना त्यांचा आवाज खणखणीत होता. दुसऱ्या पानावर तो उतरला. मग ते मनातच वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा शाळेत चूक सापडलेल्या मुलासारखा झाला.

हृषीकेशनं त्या यंत्राला फक्त नावं दिली होती. जानकीचं वाक्य त्याला कुठून माहीत असणार? तेव्हा ह्या वेळी यंत्रानं स्वतःच्या डोक्यानं गोष्ट रचली होती. बाहेरचा खडा म्हणजे ज्येष्ठा, लक्ष्मीची थोरली बहीण, अवदसा. तिला घरात घेत नाहीत म्हणून तिचा खडा बाहेर. तिला नैवेद्य दाखवणं निषिद्ध. काही अडाणी घरांतून पुढं चुकीनं तिला ताट वाढण्याची प्रथा पडली, ती शास्त्राला धरून नाही.

“म्हणजे आपण अवदसेला जेवायला घालत होतो,” रघुनाथराव म्हणाले.

“बाबा, आई सांगायची ते...”

“तुझी आई पण काय करणार बेटा? तिला जसं सांगितलं तसं ती करत गेली. तिच्या सासूला तिच्या सासूनं. इतक्या लांब राहून शास्त्र बिघडतंच.” ते खिन्न हसले. “तरीच म्हणतो, हे लोक आपल्याला का हसतात.” मग त्यांनी कागद नीट घडी करून गणपतीसमोर ठेवले. “ह्या वर्षी सहाच आणायचे. सातवा नको. आणि स्मरणिकेत मी जे छापलं, त्याचं आता कोणी नाव काढू नका.”

अनुया कळवळून म्हणाली, “अहो काका, राहू द्या ना. तुमची प्रथा आहे.” पण रघुनाथराव ऐकेनात. पुण्याला छापलंय म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. ज्या पुण्याची त्यांनी जन्मभर वाट बघितली, त्यानं अखेर दारात येऊन त्यांच्या बायकोला अडाणी ठरवलं होतं, आणि म्हातारा त्याचेच आभार मानत होता.

प्रांजलीच्या जिभेवर शब्द होते. ‘बाबा, हे खोटं आहे.’ चार तर शब्द. पण ते बोलायचे तर आपलंही खोटं उघडं पडणार, प्रबंध जाणार, नोकरी जाणार. आणि त्याहून मोठं म्हणजे, पुण्यात आपल्याबद्दल कुणी लिहिलंय, ही बाबांची एकुलती एक मिळकत जाणार. तिनं निरांजन खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. बेसिन तुंबलं, पाणी पायावर सांडलं, तेव्हा तिनं नळ बंद केला.

गौरींच्या दिवशी ती प्रेमलाआत्याबरोबर लक्ष्मी तालावर गेली. प्रेमलाआत्या म्हणजे रघुनाथरावांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. पाण्यात वाकून प्रांजलीनं खडे वेचले. एक, दोन, करत सहा ताम्हनात ठेवले. आत्या म्हणाली, “झाले गं, चल.” प्रांजली तरी वाकलेलीच होती. तिनं सातवा उचलला, गुळगुळीत, भाकरीच्या तुकड्याएवढा, आणि मुठीत धरला. आत्यानं बघितलं आणि पदरानं डोळे टिपले. जानकी तिची वहिनी कमी आणि मैत्रीण जास्त होती.

आता घरापर्यंत प्रांजलीला बोलायचं नव्हतं. परतताना ई-रिक्शा मिळाली. रिक्शावाल्यानं दोनदा विचारलं, कुठं उतरायचं, आणि उत्तर येईना तेव्हा आरशातून बघून म्हणाला, “काय बिन्नू, रिसा गईं का?” आत्यानं त्याला समजावलं, की रुसली नाही, मौन आहे. इलाइट चौराह्याला नेहमीसारखा चक्का जाम. पुढं टेम्पो, मागं बस, बाजूला कुणाची तरी वरात निघावी तसे हॉर्न. रिक्शा जागची हलेना. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. सर.

तिनं फोन कानाला लावला.

“प्रांजली जी, बधाई! आपके पिताजी ने लेख की कॉपी मुझे व्हॉट्सऐप कर दी थी. मैंने तुरंत परीक्षक महोदय को भेज दी. वे पूरी तरह संतुष्ट हैं. बस इतना कहा है, कि वो माताजी वाली व्याख्या बदल दीजिए, लेख में जो अशुभ वाली बात है, वही रखिए. एक पैराग्राफ़ का काम है. वायवा अगले हफ़्ते. सुन रही हैं न?”

ती ऐकत होती. मुठीतला खडा तळहाताला रुतत होता.

“हैलो? अरे, खुशी से आवाज़ ही बंद हो गई क्या?”

आत्यानं फोन घेतला. “सरजी, बिटिया का मौन है. गौरी ला रहे हैं.”

“अच्छा, अच्छा. तो मौन को स्वीकृति मान लेता हूँ,” असं म्हणून सर मनापासून हसले आणि फोन ठेवला.

जाम सुटेना. प्रांजली मिटल्या तोंडानं बसून राहिली. सुटकेचं दार सताड उघडं होतं आता. परीक्षक खूश, सर खूश, बाबा खूश. कागदसुद्धा तयार होता, जुन्या टाइपात. तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, जशी ती कितीतरी दिवस राहिली होती, जशी ह्या क्षणी शास्त्रानं राहत होती. एक परिच्छेद बदलायचा, सातवा खडा रिक्शातून बाहेर टाकायचा, आणि आईला स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं, अडाणी म्हणायचं. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायलाही बंदी होती.

घरी दारात रांगोळी होती, हळदीकुंकवाची पावलं होती. मंडळातली माणसं जमली होती, क्वार्टरवालेही होते. लेखाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झालेली. हृषीकेशनं खरंच फ्रेम करून आणली होती आणि ती भिंतीवर लागलेलीही होती. उंबरा रिकामा होता. हळदीचं पान नव्हतं.

प्रेमलाआत्यानं प्रांजलीच्या पायावर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आत जाऊन दरवर्षीसारखं विचारलं, “कोण आली?”

ह्यावर ‘गौर आली’ म्हणायचं. मग आत्या विचारणार, ‘कशाच्या पावलांनी आली?’ मग ‘सोन्यारुप्याच्या’ म्हणायचं, आणि आत यायचं. मौन सुटतं ते ह्या शब्दांनी.

“कोण आली?” आत्यानं पुन्हा विचारलं.

प्रांजलीनं मूठ उघडली. “सात आल्यात,” ती म्हणाली. “बाबा, तो लेख कुणी लिहिलेला नाही.”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

“घैसास म्हणून कुणी नाही. ते त्रैमासिक पण नाही. आईची गोष्ट मीच मशीनला सांगितली, आणि तिनं ती मला पुण्याची म्हणून परत दिली. मी तपासलं नाही. मला खूप छान वाटलं, म्हणून तपासलं नाही. हृषीकेशजींना जे मिळालं, ते पण मशीननंच बनवलंय. त्यांची काही चूक नाही.” तिची मराठी तुटत होती, तिनं ती तुटू दिली. “पुण्यात आपल्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, बाबा. आपल्याला कोणी विचारलेलंच नाही.”

रघुनाथरावांचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे. “धूप लागलीय तिला, उन्हातून आलीय,” ते म्हणाले. “उपास आहे ना. काहीही बोलते. प्रेमला, सहा खडे घे आत.” आणि कुणाच्या नजरेला नजर न देता ते आत निघून गेले.

आत्यानं ताम्हन घेतलं. माणसं आत गेली. काहींनी जाताना प्रांजलीकडे बघितलं, काहींनी मुद्दाम बघितलं नाही. हृषीकेश तेवढा दारात घुटमळला, लाल झालेला, काहीतरी म्हणू बघत होता. अनुयानं त्याला कोपराला धरून आत नेलं. आतून आरती ऐकू यायला लागली.

प्रांजली उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. सातवा खडा तिनं शेजारी फरशीवर ठेवला. पान नव्हतं, तर नव्हतं. प्रबंध मागं घ्यायचा अर्ज सोमवारी द्यायचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं. मग पुढल्या जुलैत हंगामी तरी ठेवतात की नाही, ते तिला माहीत नव्हतं. बाबा पुन्हा बोलतील की नाही, तेही माहीत नव्हतं. आत सगळे होते आणि ती बाहेर होती, एवढंच खरं.

आरती संपली. ताटांचा आवाज सुरू झाला, आणि मग तो मध्येच थांबला. आत कुजबूज झाली. आत्याचा आवाज आला, “दादा, कुठं निघालास?”

रघुनाथराव दारात आले. हातात ताट होतं. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा, जरा मोठाच. काखेत हळदीचं पान धरलं होतं. गुडघे धरत ते खाली बसले, पान अंथरलं, खडा उचलून त्यावर ठेवला आणि ताट पुढं सरकवलं. हात जोडले.

“पुण्यात कोणीच नाही लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

“एक ओळ पण नाही?”

“नाही.”

आत माणसं हातातले घास तसेच धरून थांबली होती, क्वार्टरवालेसुद्धा. मग रघुनाथरावांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, लोण्याला लावला, आणि मुलीच्या तोंडापुढं धरला.

“खा,” ते म्हणाले. “तू पण वाटेतच आहेस.”